वाचते भरपूर, पण निबंधात सारांशच उतरतो. १८७५ च्या दंग्यांवर लिहायचंय, मदत हवी

नमस्कार मंडळी,

नोकरी सांभाळून मी बाहेरून एम.ए. (इतिहास) करते आहे. पुढच्या महिन्यात १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांवर दीड हजार शब्दांचा निबंध द्यायचा आहे. मागच्या निबंधावर बाईंनी शेरा मारला होता, "माहिती बरोबर आहे, पण तुझं म्हणणं कुठे आहे?" मनाला फार लागलं, कारण त्यासाठी वहीभर टिपणं काढली होती.

म्हणून या वेळी वाचतानाच स्वतःला प्रश्न विचारायला लागले. कोणी लिहिलं, कधी, कशासाठी, पुरावा काय. उत्तरंही लिहून काढली. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांना घेरलं, हिशेबाच्या चोपड्या आणि कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. लोण अहमदनगर जिल्ह्यातही गेलं. सरकारने आयोग नेमला, १८७८ ला त्याचा अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. अहवाल म्हणतो, दोष सावकारांचा, सरकारी साऱ्याचा (जमिनीवरच्या कराचा) नाही.

हे सगळं वहीत आहे आणि निबंध मात्र उभा राहत नाही. अहवालात इतका तपशील आहे की वाचता वाचता पटतच जातं, उलट काही विचारायचं सुचत नाही. तुम्ही कुठे थांबून प्रश्न विचारता? पहिल्याच वाचनात की दुसऱ्या? आणि प्रश्नातून मुद्दा कसा काढता?

प्रतिसाद १

ताई, तुमचे प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते कुठल्याही पुस्तकाला लागू पडतील असे आहेत. या अहवालालाच विचारता येईल असा प्रश्न शोधा.

उदाहरणार्थ, आयोगाला मुद्दाम तपासायला सांगितलं होतं की दंगे साऱ्यामुळे झाले का. सारा घेणारं सरकार, आयोग नेमणारंही सरकार. एवढ्याने अहवाल खोटा ठरत नाही, त्यातल्या साक्षी मोलाच्याच आहेत. पण वहीत साक्षी एका पानावर आणि आयोगाचा निष्कर्ष समोरच्या पानावर लिहा. मग बघा, कुठली गोष्ट निष्कर्षात बसत नाही.

मला न बसणारी गोष्ट अशी: सावकार गावात आधीपासून होते, मग १८७५ मध्येच का? इथे अमेरिकेतलं यादवी युद्ध येतं. युद्धात अमेरिकेचा कापूस अडला म्हणून इकडच्या कापसाला मागणी आली होती. ते १८६५ ला संपलं, इकडच्या कापसाची मागणी आणि भाव पडले, सावकारांनी कर्ज देताना हात आखडता घेतला. त्याच सुमारास नव्या जमाबंदीत, म्हणजे साऱ्याच्या नव्या आकारणीत, सारा वाढला होता. शिवाय १८५९ चा मुदतीचा कायदा बघा. रोखा तीनच वर्षं चालणार, म्हणजे व्याज साठत जाणार नाही, असा हेतू. सावकार दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात धरून नवा रोखा करून घ्यायला लागले. कायदा कोणासाठी केला आणि कोणाच्या कामी आला, यावरच दोन परिच्छेद होतील.

पहिलं वाचन मी सरळ करतो, पेन्सिल हातात घेत नाही. दुसऱ्या वेळी जिथे "हे तर पटलंच" असं वाटतं, तिथेच थांबतो.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. काल रात्री समोरासमोरची पानं करून बसले. पटलेल्या जागी थांबायचं म्हणून "रोखे जाळले" या वाक्याशीच थांबले. इतके दिवस ते नुसतं लिहून पुढे जात होते. रोखेच का? कारण कोर्टात शेतकऱ्याच्या तोंडी बोलण्यापेक्षा अंगठा उठवलेला कागद भारी ठरायचा. आणि कोर्ट तर सरकारचं. मग सावकाराचा दोष आणि सरकारचा दोष आयोगाने केला तसा वेगळा काढता येतो का?

याला मुद्दा म्हणता येईल का? आज साक्षींमध्ये कोर्टाचा उल्लेख कुठे कुठे येतो ते शोधायला बसते आहे. तिथे आणखी काय बघू, तेही सांगा.