‘घाम गाळणारा निरोगी असतो’ म्हणे! आयटीआयला पोरं पाठवणाऱ्यांनो, शरीराचा हिशोब पण सांगा की

फॅब्रिकेशन कुपवाड
दहावीचा निकाल लागला की गावच्या ग्रुपवर एका सरांची पोस्ट फिरते, यंदाही आली. इंजिनिअरिंगला लाखो घालवू नका, पोराला आयटीआयला घाला, एका वर्षात वेल्डर होतो, हातात कला असली की उपाशी मरत नाही, इथपर्यंत ठीक. शेवटी लिहिलंय, ‘एसीत बसणाऱ्यापेक्षा घाम गाळणारा निरोगी असतो.’ हे वाचून डोकं फिरलं. ग्रुपवर लिहिलं तर म्हणाले राजकारण करू नका, म्हणून इथं लिहितोय, मोठं होईल.

मी कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशन करतो. धंद्याला शिव्या द्यायला आलो नाही, ह्याच धंद्यावर घर बांधलंय. पण निरोगी असतो म्हणणाऱ्यानं जानेवारीत सकाळी सातला माझ्या शेडला यावं. वर्षानुवर्षं ग्राइंडर धरून बोटांची टोकं गारठ्यात पांढरी फटक पडतात, आधी बधिर, मग मुंग्या, मग ठणका. शर्टाचं वरचं बटण मला लागत नाही, बायको लावून देते. डॉक्टर म्हणाले थरथरीनं बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात, फार पुढं गेलं की परत येत नाही, सुरुवातीलाच यायला पाहिजे होतं. सुरुवातीला कोण जातं? हाताला मुंग्या आल्या म्हणून दवाखान्यात गेलो असतो तर शेडवर हसले असते.

आर्क लागणं, म्हणजे वेल्डिंगच्या उजेडानं डोळे भाजणं, सगळ्यांना माहीत आहे, रात्री दोनला डोळे चुरचुरून उठायचं आणि बटाट्याच्या चकत्या ठेवून पडायचं. जस्त चढवलेला जीआय पाईप वेल्ड केला की संध्याकाळी थंडी वाजून ताप, सकाळी उतरलेला, परत कामावर. जस्ताच्या धुराचा ताप आहे तो, आणि त्यावर औषध काय तर गूळ. अहो धूर जातो फुफ्फुसात आणि गूळ जातो पोटात, दोघांची गाठ कुठं पडणार? वेल्डिंगचा धूर २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं पहिल्या गटात घातलाय, म्हणजे तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या गटात. कुठल्या सरांनी पोस्टमध्ये हे लिहिलं?

पोरांनी येऊ नये असं माझं म्हणणं नाही. सोळा वर्षाच्या पोराला विशीतली कमाई सांगताय तर पंचेचाळिशीतला हातपण दाखवा, एवढंच.

वायरमन सातारकर
दादा राग मानू नका, पण असल्या लिखाणानंच पोरं बिघडतात. आधीच आईबापाला वाटतं हातात पकड धरली म्हणजे पोरगं वाया गेलं. माझ्याबरोबरचा एक बीई मेकॅनिकल झाला, आज इथल्याच एमआयडीसीत कंत्राटदाराकडं पंधरा हजारावर आहे, बापानं त्याच्यासाठी रान विकलं. मी उक्ती कामं घेतो, हाताखाली दोन पोरं आहेत, कुणाला साहेब म्हणत नाही. आणि शरीर काय फक्त आपलंच झिजतं काय? पुण्याच्या आयटीवाल्यांना तिशीत शुगर, तिशीत मणका. आणि खरं सांगू का, ग्राइंडरचा गार्ड काढून कोण चालवतं? काच न लावता टॅक, म्हणजे वेल्डिंगचा बारीक टाका, कोण मारतं? मालक येऊन काढतो काय?

फॅब्रिकेशन कुपवाड
गार्ड आम्हीच काढतो, बरोबर. का काढतो ते पण सांगा. कोपऱ्यात डिस्क पोचत नाही आणि गेट संध्याकाळी द्यायचं कबूल केलेलं असतं, रेट किलोवर असतो. सावकाश केलं तर दुसरा घेऊन जातो.
आणि आयटीवाल्याचा मणका गेला तर तो घरनं लॅपटॉपवर काम करतो, रजेचा पगार मिळतो, कंपनीचा विमा असतो. माझा खाडा म्हणजे खाडा. ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, म्हणाल तर पगार २१ हजाराच्या आत पाहिजे आणि जागेत दहा माणसं पाहिजेत. माझ्या शेडमध्ये चार माणसं. सांगली-साताऱ्यातल्या किती शेडमध्ये दहा असतात ते तुम्हीच सांगा.

मिरजेची आई
मी इथं वाचते फक्त, आज लिहितेय कारण माझ्याच घरात हा प्रश्न चाललाय. मुलाला त्रेसष्ट टक्के पडलेत, त्याला इलेक्ट्रिशियन करायचंय, मिस्टर डिप्लोमाच्या मागं लागलेत. मी दोन्ही बाजूंनी ओढली जातेय. भांडा पण जरा कळेल असं सांगा, सगळ्या ट्रेडला सारखाच त्रास असतो का?

फरशीवाला उंब्रज
ताई सारखा नसतो. फरशीत गुडघे जातात. दिवसभर एका गुडघ्यावर भार, काही वर्षांत वाटीच्या पुढं पाणी साठतं, डॉक्टर सुईनं काढतो, परत भरतं. देवाला गेलो तर मांडी घालता येत नाही, पंगतीत उभ्यानं जेवतो. सिमेंटनं हाताला खाज सुटते ती उन्हाळ्यात पण जात नाही.
पण सगळ्यात वाईट म्हणजे ग्रॅनाइट सुकं कापणं. पाणी मारून कापलं तर धूळ बसते, हे आम्हाला कळत नाही असं नाही. गिऱ्हाईक म्हणतं पाणी नको, आतल्या खोलीचं पीओपी झालंय, रंग झालाय. मग तोंडाला रुमाल बांधून कापायचं. त्या रुमालातनं बारीक धूळ सरळ आत जाते. सिलिकोसिस झाला की त्यावर औषध नाही, फुफ्फुस दगडच होतंय.
आणि सरकारचं म्हणाल तर बांधकाम कामगार मंडळ आहे, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला द्या, १८ ते ६० वयात नोंदणी करा. आमच्या गावात मंडळाचा भांड्यांचा संच कुणाला मिळाला बघा, ज्यांनी जन्मात घमेलं उचललं नाही त्यांना. आणि माझा दाखला तीनदा परत आला. ज्यानं पेटीतलं हेल्मेट चुलीमागं टांगलंय त्याला सुरक्षेचा संच, आणि आम्ही रुमाल बांधून!

वायरमन सातारकर
भांड्यांचा विषय काढू नका, दुसरा धागा होईल. बाकी पोरगी कोण देतंय ते पण बोला की कुणीतरी. कमावतो जास्त तरी सोयरे विचारतात ‘पर्मनंट आहे का?’ आमची पोरं शरीरानं नाही, ह्या अपमानानं ट्रेड सोडतात.

विट्याकडचा
वेल्डिंग आणि फरशीचं चाललंय म्हणून सांगतो, आमच्या खानापूर-आटपाडीकडं ह्याच्यापेक्षा जुना ट्रेड आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. गलाई. टेंभू योजनेचं पाणी यायच्या आधी रानात कुसळं होती, म्हणून माणसं केरळपासून कलकत्त्यापर्यंत गेली, सोनं गाळायला. माझे वडील तामिळनाडूत होते. दहा बाय दहाचा गाळा, त्यातच भट्टी, त्यातच झोपायचं. जुन्या सोन्यात चांदी मिसळून नायट्रिकमध्ये उकळायचं, चांदी विरघळते, तळाला सोनं तपकिरी भुकटीसारखं राहतं, ते धुऊन मुशीत टाकणखार घालून परत वितळवायचं. त्या ॲसिडचा तांबूस धूर निघतो. दार उघडं ठेवलं तर शेजारी भांडतात, म्हणून बंद.
वडील परत आले तेव्हा पन्नाशीचे नव्हते. पुढचे दात ॲसिडच्या वाफेनं झिजून खपल्या पडलेले, भाकरी दुधात कुस्करून खायचे, जिना चढताना दोनदा थांबायचे. गावात आमचा बंगला आहे, दुमजली. वरच्या मजल्यावर ते कधी राहिले नाहीत.

भिवघाट
मित्रा वडिलांबद्दल वाईट वाटलं, पण गलाईला असं चव्हाट्यावर नावं ठेवू नकोस. गलाई नसती तर आपला तालुका मोकळा झाला असता. शाळा कुणाच्या पैशानं उभ्या राहिल्या, देवळांचे जीर्णोद्धार कुणी केले? तुझं शिक्षण कशातनं झालं? आमचे चुलते सत्तरीत आहेत, आजही भट्टीवर बसतात, ठणठणीत.

विट्याकडचा
माझं शिक्षण कशातनं झालं हे मला चांगलं माहीत आहे, म्हणूनच लिहितोय. एक चुलते ठणठणीत म्हणजे सगळे ठणठणीत नाही. जे खोकत गावाला आले आणि वर्षाच्या आत गेले त्यांची यादी कुणी केली? गावात म्हणायचे परमुलखातलं पाणी बाधलं. पाणी कशाला बाधतंय! त्या वायूचा गुण असा आहे की ओढला तेव्हा फक्त खोकला येतो, माणूस जेवतो, झोपतो, आणि काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरतं. डॉक्टरला सांगायला परभाषा येत नाही. केडीएमचं सोनं गाळलं तर त्यात कॅडमियम, ते किडनी खातं. कुणी सांगितलं आमच्या माणसांना?

भिवघाट
आता तसं राहिलेलं नाही. मोठ्या शहरात ब्लोअर लावलेत, धूर कॉस्टिकच्या पाण्यातनं काढतात, चिमणी वर नेतात. तू वीस वर्षांपूर्वीचं धरून बसलायस.

विट्याकडचा
ज्याचं दुकान मोठं त्यानं लावलेत. त्याच दुकानात पोऱ्या म्हणून जो सोळा वर्षाचा भाचा गावाकडनं नेलेला असतो तो दुसऱ्याच्या लहान गाळ्यावर शिकलेला असतो. तुझ्या भट्टीवर गॅसचा मास्क आहे का तेवढं सांग. कापडाचा नको सांगू, कापडातनं वायू अडत नाही.

भिवघाट
मास्क आहे. सगळे घालतात असं म्हणणार नाही. उकाड्यात भट्टीसमोर ते रबर तोंडाला लावून बघ एकदा.
आणि पोऱ्यांचं म्हणालास ते लागलं, कारण मीपण तसाच गेलो होतो, मामाबरोबर. पण मामानं नेलं नसतं तर चारा छावणीवर बसलो असतो. हे ज्याला माहीत नाही त्यानं गलाईवर बोलू नये, तुला माहीत आहे म्हणून ऐकून घेतलं.

फॅब्रिकेशन कुपवाड
ह्या दोघांचं वाचून मला माझंच म्हणणं सापडतंय. पैसा मिळाला हे कुणी नाकारत नाही. पण दुष्काळात गेलेल्या माणसाला दुसरी वाट नव्हती, आज त्रेसष्ट टक्केवाल्या पोराला आपण निवड म्हणून सांगतोय. निवड म्हणायची तर दोन्ही बाजू सांगायच्या.

निदेशक
मी आयटीआयमध्ये शिकवतो, कुठल्या ते सांगत नाही. इतका वेळ गप्प बसलो. अभ्यासक्रमात सुरक्षितता पहिल्याच आठवड्यांत आहे. गॉगल, ॲप्रन, हातमोजे, आग विझवणं, सगळं मी शिकवतो, परीक्षेला विचारतो. माझा विद्यार्थी अप्रेंटिस म्हणून बाहेर जातो आणि पहिल्याच दिवशी त्याला सांगतात ‘हातमोजे घालून ड्रिल वेळेत होत नाही.’ ड्रिलला हातमोजे घालायचेच नसतात, मोजा फिरत्या बिटात अडकला की बोट ओढलं जातं! म्हणजे सांगणाऱ्याला कारणच माहीत नाही, त्याला फक्त घाई माहीत आहे. आम्हाला दोष देणं सोपं आहे.

वायरमन सातारकर
सर दोष तुम्हाला नाही, पण पाठ, गुडघा, थरथर ह्याच्यावर तुमच्या पुस्तकात किती पानं आहेत? अपघाताचं आहे, झिजण्याचं नाही. आम्हाला शॉक शिकवला, वायरीसाठी भिंतीला झिरी मारताना, म्हणजे खाच पाडताना, उडणारी धूळ नाही शिकवली. मी ब्रेकर धरून दिवसभर झिरी मारतो तेव्हा पोरगा मागं उभा राहून झाडू मारत असतो, सगळा पांढरा.

निदेशक
ते मान्य करावं लागेल. वजन कसं उचलायचं हे आहे, पण वर्षानुवर्षाच्या झिजेबद्दल जवळजवळ काही नाही. आणि एक सांगतो, कारागिरांसाठीची पीएम विश्वकर्मा योजना २०२३ मध्ये आली तेव्हा मुलं विचारायला आली. १८ व्यवसाय आहेत, सुतार, लोहार, गवंडी, शिंपी. वेल्डर, वायरमन, प्लंबर त्यात नाही. ज्यांना मी शिकवतो त्यांना हत्याराचे १५ हजार पण नाहीत.

फॅब्रिकेशन कुपवाड
वायरमन भाऊ, आता तुम्ही माझंच बोलायला लागलात.

वायरमन सातारकर
तुमचं नाही बोलत. पोरांनी यावंच असं माझं म्हणणं कायम आहे. झाडू मारणाऱ्या पोराला उद्यापासून चांगला मास्क देतो आणि कटरला व्हॅक्यूम लावायचं बघतो, तेवढं तुमच्यामुळं. पण वाचून एक जरी पोरगं घाबरून बीसीएला गेलं तर ते तुमच्या नावावर.

मिरजेची आई
सगळं मिस्टरांना वाचून दाखवलं, गलाईचं वाचताना ते उठून गेले, त्यांचे मामा त्यातच होते. मुलगा मात्र ठाम आहे. म्हणजे इलेक्ट्रिशियन ठरलं. आता सांगा, त्याला कशात जाऊ देऊ नको?

वायरमन सातारकर
ताई, घरगुती वायरिंगच्या उक्त्या कामात सगळी झीज आहे, त्यात आयुष्य काढू देऊ नका. दोन वर्षं ट्रेड, मग अप्रेंटिस मोठ्या कंपनीतच करू दे, किर्लोस्करवाडी तुम्हाला लांब नाही. पॅनेल, मोटर कंट्रोल, पीएलसी (मशीन आपोआप चालवणारा कंट्रोलर) ह्यात हात बसू दे. नंतर लायसन्स काढू दे, म्हणजे चाळिशीनंतर शिडी दुसरा चढेल.

फरशीवाला उंब्रज
आणि पहिल्या पगारात गुडघ्याचे पॅड घ्यायला लावा, पॅनेलखाली पण वाकून बसावं लागतं. कुणी हसलं तर हसू दे.

फॅब्रिकेशन कुपवाड
ताई, अप्रेंटिस संपून नोकरीला लागेल तिथं आधी ईएसआय नंबर मागू दे. आणि हाताला मुंग्या आल्या, धाप लागली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडं पाठवा, सणाला सुट्टी मिळेपर्यंत थांबू नका. त्या सरांची पोस्ट अजून फिरतेय, खाली हा धागा चिकटवलाय. ह्या वेळी कुणी काढला तर परत चिकटवणार.