शब्दचर्चा : ‘रक्तदाबाचं औषध’ म्हणजे चढवणारं की उतरवणारं?

अनुस्वार : फ्लॅप शस्त्रक्रियेच्या (शरीरातला ऊतींचा तुकडा दुसऱ्या जागी बसवण्याच्या) माहितीपत्रकात ‘व्हासोप्रेसर’साठी ‘रक्तदाबाचे औषध’ असं छापलंय. पटतं का? आणि ‘फ्लॅप’ला ‘झडप’?

भूलभुलैया : अजिबात नाही. आपल्याकडे ‘बीपीचं औषध’ म्हणजे बीपी उतरवणारं. हे चढवणारं. घोळ नुसता भाषेचा नाही. रुग्ण रोज घेतो त्यातल्या, नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेल्या गोळ्या बहुधा २४ तास आधी थांबवतात. नाहीतर भूल दिल्यावर दाब कोसळतो आणि लवकर वर येत नाही. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या गोळ्या, मात्र सहसा चालूच ठेवतात. दोन्ही जातींना एकच नाव दिलं तर सूचना वाचायची कशी? ‘रक्तदाबवर्धक’ लिहा.

टाकादोरा : झडप हृदयात असते. फ्लॅप म्हणजे स्वतःची रोहिणी आणि नीला घेऊन आलेला ऊतींचा तुकडा. ‘रोपण’ही नको, कारण त्वचारोपणातल्या कातडीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. मुक्त फ्लॅपमध्ये तर तो मुळापासून तोडून, जेमतेम १ ते ३ मिमी रुंदीच्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली नव्या जागी जोडतात. फ्लॅपला फ्लॅपच म्हणा. पण व्हासोप्रेसरला ‘वाहिनीसंकोचक’च हवं. जोडापाशी वाहिनी आवळली, प्रवाह मंदावला, की गुठळी. शब्दाने ते सांगावं.

भूलभुलैया : भीती जुनी आहे, पण तिचा निकाल शब्दातच कशाला लावायचा? शस्त्रक्रियेदरम्यान ही औषधं दिलेल्या रुग्णांच्या एकत्रित अभ्यासांत फ्लॅप गमावण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलेलं नाही. कारण साधं आहे : फ्लॅपमधला प्रवाह रुग्णाच्या दाबावर चालतो. दाब पडला की नुसतं सलाइन ओतत राहण्याचा मोह होतो. पण फ्लॅपच्या लसीकावाहिन्या (ऊतींतलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या) तुटलेल्या असतात, पाणी साठून तो सुजतो आणि आधी नीला दबते. त्यापेक्षा नॉरअॅड्रेनलिन हे व्हासोप्रेसर, दर किलो वजनामागे मिनिटाला ०.०५ ते ०.१ मायक्रोग्रॅमपासून, सरासरी दाब ६५–७० मिमी पाऱ्याच्या वर राहील इतकंच. रक्तस्रावाने वाहिन्या रिकाम्या असतील तर आधी भरपाई. रिकाम्या वाहिन्या आवळणं हा खरा धोका. फेनिलएफ्रिन या दुसऱ्या व्हासोप्रेसरने पडद्यावरचा आकडा छान दिसतो, पण नाडी मंदावून हृदय मिनिटाला कमी रक्त ढकलू शकतं. उलट डोब्युटामिन हृदयाचा जोर वाढवतं, आवळत नाही. ते तुमच्या ‘संकोचक’मध्ये बसत नाही, खरं तर माझ्या ‘वर्धक’मध्येही नीट नाही. त्याला ‘हृद्बलवर्धक’ असं वेगळं नाव द्या.

टाकादोरा : बरं, संकोचक मागे घेतो. पण माहितीपत्रकात दोन गोष्टी घाला. रुग्ण गार पडू देऊ नका. थंडीनेही वाहिन्या आवळतात आणि तेव्हा दोष औषधावर जातो. जोडाजवळची वाहिनी आखडली तर ती सैल करायला वरून पापावेरिन किंवा लिग्नोकेन टाकतात. दुसरं, नंतरची तपासणी, पहिले २४ तास साधारण दर तासाला. फिकट, गार, दाबून सोडल्यावर लाली उशिरा येणारा फ्लॅप म्हणजे रोहिणी अडली. जांभळट, फुगलेला, लाली झटकन येणारा म्हणजे नीला. अशा वेळी ठिबक कमी-जास्त करत बसू नये, जोड उघडून पाहावा.

अनुस्वार : मग ‘रक्तदाब वाढवणारे औषध’, पहिल्यांदा येईल तिथे पुढे ‘व्हासोप्रेसर’. तिसऱ्या पानावर ‘रक्तदाबनियंत्रक’ही आहे.

भूलभुलैया : खोडा. चढवणारंही नियंत्रकच आणि उतरवणारंही.