१९ प्रश्नांत आधार मोजता येतो का?

समाजसेविका_डायलिसिस
तालुक्याच्या गावातल्या एका डायलिसिस केंद्रात मी वैद्यकीय समाजसेविका आहे. पेशंट आठवड्यातून दोनदा-तीनदा येतात, चार-चार तास मशीनवर असतात. महिन्याभरापासून मी त्यांच्याकडून, त्यांना माणसांचा आधार किती वाटतो हे मोजणारी एक प्रश्नावली भरून घेते आहे. अमेरिकेतल्या संशोधक कॅथी शेरबोर्न आणि अनिता स्ट्युअर्ट यांनी ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली, मुळात जुनाट आजार असलेल्यांसाठीच. अंथरुणाला खिळलात तर मदतीला कोणी आहे का, डॉक्टरकडे न्यायला कोणी आहे का, मनातली भीती सांगायला कोणी आहे का, मिठी मारणारं कोणी आहे का, असे १९ प्रश्न. उत्तरं ‘कधीच नाही’पासून ‘नेहमीच’पर्यंत पाच पायऱ्यांची, त्यावरून ० ते १०० गुण.

सहकारी म्हणतात, माणूस बघून कळतं, कागद कशाला? मला हे पटत नाही. आमच्या एका काकांचा मुलगा चारही तास बाहेर बसतो, गरम डबा आणतो. यांना काही कमी नाही, असंच सगळे धरून चाललो होतो. मदतीच्या प्रश्नांना त्यांचे पूर्ण गुण आले. ‘भीती सांगायला कोणी असतं का?’ याला मात्र ‘कधीच नाही’. दीड वर्षात हे आम्हाला कोणालाच दिसलं नव्हतं. म्हणून माझं मत, मोजायलाच हवं.

लेक
माझा ठाम विरोध आहे. माझी आई चार वर्षं डायलिसिसवर होती. असाच एक फॉर्म तिच्याकडून भरून घेतला, तोही भाऊ शेजारी उभा असताना. ‘सगळे खूप करतात हो,’ एवढंच ती म्हणत राहिली. घरात तेव्हा तिच्या वेगळ्या, अळणी भाजीवरून रोज कुरबूर चालायची. पण घरची लक्तरं वेशीला टांगणारी ती बाई नव्हती. तुमच्या कागदावर मदतीचे तिला पूर्ण गुण!

आणि मिठीचा तो प्रश्न. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, आईला चारचौघांत कधी हात लावला नाही. तिचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी, डाव्या हाताला होता. एसटी स्टँडवर गर्दीत त्या हाताला धक्का लागू नये म्हणून दादा चार वर्षं तिच्या डाव्या बाजूनेच चालले. आईला ‘कोणी मिठी मारतं का’ विचारलं तर ती ‘कधीच नाही’ म्हणणार आणि तिचे गुण जाणार. हे चालणं कुठल्या रकान्यात लिहायचं?

संख्याशास्त्र_शिक्षक
दादांचं वाचून गलबललं. पण भाऊ शेजारी उभा राहिला हा प्रश्नावलीचा दोष नाही, भरून घेणाऱ्याचा आहे. ताप मोजताना थर्मामीटर चहात बुडवला तर चूक थर्मामीटरची नसते.

दुसरं, ही प्रश्नावली घरच्यांनी किती केलं ते मोजतच नाही. गरज पडली तर कोणी आहे असं पेशंटला वाटतं का, हे मोजते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मनाच्या स्वास्थ्याशी जास्त भक्कम नातं या ‘वाटण्याचं’च आढळत आलं आहे. एकूण बेरीज मात्र बाजूला ठेवा. प्रत्यक्ष मदत, मन मोकळं करणं आणि सल्ला, माया, सोबतीने वेळ घालवणं, हे चार भाग सुटे वाचा. काकांचं दुखणं बेरजेत दिसलंच नसतं.

परिचारिका_रात्रपाळी
एका शिफ्टला किती मशीनं, किती पेशंट आणि आम्ही किती जणी? सुई लावू की प्रश्न विचारू?

सहा_वर्षं_मशीनवर
मी स्वतः पेशंट. मोजण्याला माझा विरोध नाही, पण तुमचे प्रश्न अर्धेच आहेत. आधाराचं ओझंही होतं, ते कुठे विचारता? बायको सकाळी एक बाटली भरून ठेवते, दिवसभराचं पाणी तेवढंच. दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात पाणी साचून वजन वाढलं की माझ्याआधी तिचा चेहरा उतरतो. अर्धा कप चहा जास्त घेतला तर घरात कोणी बोलत नाही. ती हे प्रेमापोटी करते, मला ठाऊक आहे. तरी कधी कधी तिच्या नजरेपासून लांब जावंसं वाटतं. तुमच्या १९ प्रश्नांत मी सगळीकडे ‘नेहमीच’ लिहीन आणि यातलं काहीच तुम्हाला कळणार नाही.

आणि गुण कमी आले तर पुढे काय? माझं डायलिसिस योजनेतून होतं, पण गावापासून केंद्रापर्यंतचं वडापचं भाडं मलाच भरावं लागतं. कोणी न्यायला नाही हे लिहून घेऊन तुम्ही काय करणार?

समाजसेविका_डायलिसिस
लेक, आईंच्या बाबतीत झालं ते चूकच होतं. मी सोबतचा माणूस चहाला गेल्यावर विचारते, तेही मशीन लागून अर्धा तास झाल्यावर. मिठीचा प्रश्न काढून टाकला तर दुसरीकडच्या गुणांशी आमचे गुण ताडता येणार नाहीत, म्हणून ठेवला आहे. पण त्याखाली ‘मग माया कशातून कळते?’ असं विचारून उत्तर लिहून घेणार आहे. दादांचं चालणं तिथे बसेल.

सहा_वर्षं_मशीनवर, ने-आण करणारं कोणी नाही असं तिघांच्या कागदावर आलं. तिघंही एकाच रस्त्यावरच्या गावांतले निघाले. त्यांना एकाच शिफ्टला घेतलं, आता एक जीप वाटून घेतात. हे मला नुसतं बघून कळलं नव्हतं. ओझ्याचा प्रश्न मात्र माझ्याकडे नाही, तुमचं बरोबर आहे. ‘कोणाची काळजी जड होते का?’ हा प्रश्न गुणांत न धरता शेवटी जोडते.

सहा_वर्षं_मशीनवर
जोडा. आणि तो माझ्या बायकोलाही विचारा. माझ्या पाळीला, मंगळवारी आणि शुक्रवारी, ती बाहेर बाकावरच असते.