रिबलहेडच्या २४ कमानी आणि एकेरी मार्ग

प्रश्न :
इंग्लंडमधील यॉर्कशायर डेल्सच्या उजाड माळावर उभ्या असलेल्या रिबलहेडच्या दगडी पुलावरून ओंडक्यांनी भरलेली मालगाडी जात असल्याची चित्रफीत पाहिली. पूल दुहेरी मार्गाच्या रुंदीचा असूनही त्यावर एकच मार्ग आहे. १८७० च्या दशकातील बांधकामाला आजच्या वाघिणींचे (मालगाडीच्या डब्यांचे) वजन पेलत नाही, असे समजावे का? काही खांब इतरांपेक्षा जाड दिसतात, त्याचेही कारण जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ :
जाड खांबांपासून सुरुवात करतो, कारण बांधणाऱ्यांचे खरे कसब तिथेच दिसते. कमान वरचा भार नुसता खाली सोडत नाही, तर दोन्ही बाजूंना रेटाही देते. शेजारच्या कमानीचा उलटा रेटा त्याला तोलून धरतो, म्हणून मधला खांब बारीक असूनही चालतो. पण एखादी कमान ढासळली, तर हा तोल जाऊन पुढच्या कमानीही एकामागून एक कोसळू शकतात. त्यामुळे दर सहावा खांब एकाच बाजूचा रेटा एकट्याने सोसेल इतका जाड बांधला, म्हणजे दुर्घटना घडलीच तरी ती सहा कमानींपुरती राहावी. सुमारे ३२ मीटर उंचीवर, वाऱ्याच्या तडाख्यात हे काम करणाऱ्या मजुरांच्या वसाहतींत अपघातांनी आणि देवीच्या साथीने कित्येकांचे बळी घेतले. त्यांतील अनेकांना जवळच्या चॅपल-ल-डेलच्या दफनभूमीत पुरले आहे. या पुलाविषयी बोलताना त्यांची आठवण ठेवलीच पाहिजे, असे मला वाटते.

उत्तर २ :
वजनाविषयी थोडी दुरुस्ती करतो. पुलाचे मोठे दुखणे पाणी हे होते. वरून झिरपलेले पाणी दगडी बांधकामात मुरत राहिले आणि थंडीत गोठून सांधे खिळखिळे करत गेले. दोन गाड्यांचा भार एकाच वेळी पडू नये म्हणून १९८५ मध्ये मार्ग एकेरी केला. दुरुस्तीचा खर्च पुढे करून हा पूल ज्यावर आहे तो संपूर्ण सेटल–कार्लाइल रेल्वेमार्गच बंद करण्याचा घाट घातला गेला होता, परंतु लोकांनी चिकाटीने विरोध केला आणि एप्रिल १९८९ मध्ये सरकारने तो प्रस्ताव फेटाळला. त्यानंतर पुलाची नीट डागडुजी झाली. म्हणूनच आज दगडखडीच्या आणि लाकडाच्या गाड्या तिथून जाताना दिसतात.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. शेवटची वाघीण पूल ओलांडून गेल्यावरच पलीकडे थांबलेली दुसरी गाडी का हलली, हे आता समजले.

उत्तर २ :
बरोबर. पुलाच्या उत्तरेला ब्ली मूरच्या सिग्नल केबिनपाशी मार्ग पुन्हा दुहेरी होतो; ती गाडी तिथेच थांबली असणार.