पैशाची पिशवी बायकोकडे म्हणजे कोळ्याच्या घरात बाईचंच राज्य?

खाडीकाठची:
हर्णै बंदरात संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघायला आलेले पर्यटक फोटो टाकतात, "इथे बायकाच बॉस". अहो लिलावात घासाघीस बाई करते, बर्फाचे पैसे तीच देते, टेम्पोत पाटी चढवून दापोलीच्या बाजारात बसते आणि घरी येऊन भाकऱ्या पण तीच थापते. पण होडी कोणाच्या नावावर? मच्छीमार सोसायटीचा सभासद कोण? होडीच्या डिझेलवरच्या कराचा परतावा कोणाच्या खात्यात? १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, नवऱ्याला सुट्टी, ही मात्र सुकट घेऊन दारोदार.

नाखवा७७:
सुट्टी?? जाळी शिवणं, इंजिन खोलणं, रंगकाम काय भुतं करतात का. वादळात जीव आमचा जातो. माझ्या घरात तर आई देईल तेवढेच पैसे मला मिळतात.

खाडीकाठची:
आई देते हो, पण बायकोला विचारा ती स्वतःसाठी किती ठेवते. पिशवी सांभाळणं वेगळं. नवं इंजिन घ्यायचं की मुलीला कॉलेजला रत्नागिरीला पाठवायचं हे ठरतं तेव्हा ती चहा करत असते.

मालवणकर:
आता बदलतंय की. केंद्र सरकारच्या २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेत बाईच्या नावाने अर्ज केला तर ६० टक्के अनुदान, खुल्या गटातल्या पुरुषाला ४०. लोक होडी बायकोच्या नावावर करतायत.

सुक्याबोंबील:
हो, सहीपुरतं 😄 आमच्याकडे एकीला स्वतःच्या नावावरच्या होडीचा हप्ता किती तेसुद्धा माहीत नव्हतं, व्यवहार सगळा दीर बघतो.

मालवणकर:
तरी कागद तिचा आहे ना. नवरा समुद्रात गेला आणि बॉडीच मिळाली नाही तर सात वर्षं पत्ता नाही म्हटल्यावरच कायदा माणूस गेला असं धरतो, तोवर त्याच्या नावावरचं काही विकायला जा बघू, तेव्हा कळेल त्या सहीची किंमत.

नाखवा७७:
हे मान्य. पण सोसायटीत सभासद करून काय उपयोग, मीटिंग संध्याकाळी, तेव्हा बायका लिलावात.

सुक्याबोंबील:
मग बंदीत ठेवा, तुम्ही जाळी शिवत घरीच असता म्हणालात ना.

नाखवा७७:
बघू, सेक्रेटरीला विचारतो. तो नाहीच म्हणेल.