गुडघा टेकला, पुढे काय? (क्रिकेट आणि वर्णभेद)

गलीतला_फिल्डर

२४ ऑक्टोबर २०२१ ची दुबईची भारत-पाक मॅच म्हटलं की सगळ्यांना शाहीनचा यॉर्कर आणि दहा विकेटनी खाल्लेला मार आठवतो. पण पहिला बॉल पडायच्या आधी, 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' या वर्णभेदविरोधी चळवळीला पाठिंबा म्हणून, रोहित-राहुल पिचजवळ आणि बाकीचे बाहेर एक गुडघा टेकून बसले होते ते कुणाला आठवतंय का? नंतर कोहलीला विचारलं तर म्हणाला की मॅनेजमेंटकडून सांगण्यात आलं होतं. पाकिस्तानवाले छातीवर हात ठेवून उभे होते. झालं, संपला वर्णभेद.

दोनच दिवसांनी वेस्ट इंडिजविरुद्धच्या मॅचच्या सकाळी साउथ आफ्रिकेच्या बोर्डाने फतवा काढला की सगळ्यांनी गुडघा टेकायचाच, आणि त्यांचा विकेटकीपर डिकॉक खेळलाच नाही. मग माफी, मग सावत्र आई कृष्णवर्णीय आहे, बहिणी आहेत वगैरे स्टेटमेंट, आणि ३० तारखेला श्रीलंकेविरुद्ध गडी गुडघ्यावर. जगभर आठवडाभर चर्चा कशाची, तर एका माणसाच्या गुडघ्याची. त्याच देशात केपटाउनच्या लांगासारख्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या पोरांना धड पिच मिळतं का, हे त्या आठवड्यात कुणी विचारलेलं मला तरी दिसलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की गुडघा टेकायला शून्य रुपये लागतात, मैदान करायला लागतात, कोच ठेवायला लागतात, पोराच्या स्पाइक्सना लागतात, आणि जिथे पैसे लागतात तिथे सगळ्यांचे गुडघे एकदम ताठ होतात.

खिचडी_अंपायर

शेवटचं वाक्य टाळ्यांसाठी आहे, धागा पण त्यासाठीच काढलाय का? :)

कव्हर्समधली_काकू

अजिबात सहमत नाही. तुम्ही क्रम उलटा लावताय. जुलै २०२० मध्ये साउथ आफ्रिकेच्या लुंगी एनगिडीला कुणीतरी विचारलं की तुमच्या टीमने पण याबद्दल काही करायला हवं का, तो म्हणाला हो, करायला हवं. बास एवढंच. त्यावर काही माजी गोरे खेळाडू तुटून पडले की गोऱ्या शेतकऱ्यांच्या खुनाचं काय आणि याचं काय. मग तीसेक माजी खेळाडू एनगिडीच्या पाठीशी उभे राहिले आणि त्याच महिन्यात त्यांचा माजी फास्ट बॉलर मखाया एनटिनी टीव्हीवर बोलला.

ते ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. तो टीमच्या बसने ग्राउंडवर जायचाच नाही. सकाळी हॉटेलखाली ड्रायव्हरकडे बॅग द्यायचा आणि म्हणायचा तिकडे भेटू, आणि पळत जायचा. परत येतानाही पळत. लोकांना वाटायचं काय फिटनेस आहे भाऊचा! तो म्हणाला मी एकटेपणापासून पळत होतो, बसमध्ये मागे जाऊन बसलो की बाकीचे पुढे बसायचे, संध्याकाळी जेवायला जाऊया म्हणून माझं दार कधी कुणी वाजवलं नाही. हा माणूस १९९८ ला त्यांचा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन टेस्ट प्लेयर, ३९० विकेट. आणि हे सांगायला २०२० उजाडावं लागलं.

२०२१ ला बोर्डाला क्रिकेटमधल्या वर्णभेदावर जाहीर सुनावण्या घ्याव्या लागल्या त्या याच्यातूनच. आधी सिम्बॉल, मग तोंड उघडलं, मग चौकशी. गुडघा नसता तर ते पण नसतं.

मिडविकेट_मिलिंद

@काकू, चौकशीतून निघालं काय? माजी कॅप्टन ग्रॅम स्मिथ लवादात सुटला, कोच बाउचरवरचे आरोप २०२२ च्या मे मध्ये बोर्डानेच मागे घेतले. मोठा गाजावाजा आणि शेवटी फाइल बंद.

आणि 'रिअल अॅक्शन' म्हणाल तर ती त्यांनी केलीय की, कोटा. २०१६ पासून लिहून ठेवलंय, सीझनच्या अॅव्हरेजला अकरात सहा जण गोरे नसलेले, त्यात किमान दोन कृष्णवर्णीय आफ्रिकन. त्याआधीही दबाव होताच. २०१५ ची ऑकलंडची सेमीफायनल आठवा, फॉर्मातला अॅबट बाहेर आणि दुखापतीतून उठलेला फिलँडर आत. न्यूझीलंडच्या एलियटने सिक्स मारला आणि डिव्हिलियर्स मॉर्कल सगळे मैदानात रडत होते. पुढे अॅबट इंग्लंडला कौंटी क्रिकेट खेळायला निघून गेला. खेळात न्याय म्हणजे मेरिट, बाकी सगळं राजकारण.

कव्हर्समधली_काकू

सेमीफायनल एका फिलँडरमुळे हरले का? रनआउट सोडले, कॅच सोडले ते कुणी, कोट्याने?

आणि मेरिटवाल्यांनी जरा १४ जून २०२५ आठवा. लॉर्ड्सवर टेस्ट चॅम्पियनशिपची फायनल, २८२ चं टारगेट, साउथ आफ्रिकेचा कृष्णवर्णीय कॅप्टन बावुमा हॅमस्ट्रिंग गेलेली असताना लंगडत लंगडत ६६. मार्करमचे १३६ होतेच, त्याचं कौतुक आहेच, पण वर्षानुवर्षं ज्याला 'कोट्यातला' म्हणून हिणवलं त्याच्या हातात चॅम्पियनशिपची गदा होती.

गलीतला_फिल्डर

बावुमा काढलाच आहे तर. तो लांगाचाच. लहानपणी ते ज्या चौकात खेळायचे त्याच्या गल्ल्यांना त्यांनी नावं ठेवली होती. एका बाजूचा रस्ता उखडलेला, बॉल कसाही उडायचा, ती कराची. दुसरी एमसीजी, म्हणजे मेलबर्नचं ग्राउंड. आणि जो तुकडा नीट बांधलेला होता तो लॉर्ड्स. (कराचीवाल्यांनी मनावर घेऊ नये.)

पण तो लांगामधून थेट टीममध्ये नाही आला, शाळेची स्कॉलरशिप मिळाली म्हणून आला. एनगिडी हिल्टन कॉलेजात स्कॉलरशिपवर, रबाडा सेंट स्टिथियन्सचा. या सगळ्या महागड्या शाळा, हिरवीगार मैदानं, पगारी कोच. म्हणजे कोटा भरायला जी पोरं लागतात ती पण मोजक्या शाळांच्या चाळणीतूनच येतात. म्हणून मिलिंद, मी कोट्याच्या विरोधात नाही आणि नुसत्या कोट्याने भागेल असंही म्हणत नाही. कोटा वरच्या अकरात मोजतो, खड्डा खाली बारा वर्षांच्या पोरापाशी आहे.

जुना_रेडिओ

तुम्ही पोरं २०२० पासूनच मोजता. आमच्या वेळी भारताने काय केलं होतं ते सांगतो. १९७४, डेव्हिस कपची फायनल, समोर साउथ आफ्रिका. विजय आणि आनंद अमृतराज भरात होते, कप जिंकायची खरी संधी. भारत खेळलाच नाही, फायनल सोडून दिली. वर्णभेदी देशाशी खेळणार नाही म्हणजे नाही. तो कप आपल्याकडे आजपर्यंत आलेला नाही. याला म्हणतात किंमत मोजणे. त्याआधी १९४६ ला व्यापार तोडला होता, तेव्हा तर आपण स्वतंत्र पण नव्हतो.

क्रिकेटमध्ये १९७० नंतर एकवीस वर्षं त्यांच्याशी कुणी अधिकृत खेळलं नाही. एकवीस वर्षं! नुसते गुडघे टेकून हे झालं असतं काय?

मिडविकेट_मिलिंद

काका आदर आहे पण अमृतराज बंधूंना कुणी विचारलं होतं का? किंमत सरकारने ठरवली आणि भरली खेळाडूंनी. साउथ आफ्रिकेच्या पोलॉक, रिचर्ड्स, प्रॉक्टर यांची करिअर गेली ती वेगळीच.

जुना_रेडिओ

बॅरी रिचर्ड्सला चार टेस्ट तरी मिळाल्या. बॅसिल डॉलिव्हेराला, गोरा नाही म्हणून, स्वतःच्या देशाकडून एकही मिळाली नाही, इंग्लंडला जावं लागलं, आणि १९६८ ला इंग्लंडने टीममध्ये घेतला तर साउथ आफ्रिकेने दौराच नाकारला. करिअर कुणाकुणाची गेली याची यादी करायची तर सगळी करा.

सरेतली_सातारकर

+१ रेडिओकाका. मी लंडनजवळ राहते, मुलगा क्लबात खेळतो म्हणून थोडं लिहिते. जुलै २०२० ला साउदम्प्टनला पाऊस पडत होता आणि वेस्ट इंडिजचा जुना फास्ट बॉलर मायकल होल्डिंग वर्णभेदाबद्दल टीव्हीवर बोलला, दुसऱ्या दिवशी आईवडिलांबद्दल बोलताना रडला, ते आम्ही घरात बसून बघितलं. महिन्याभरात पाकिस्तानची सिरीज आली आणि इंग्लंडने गुडघा टेकणं बंद केलं. ऑस्ट्रेलियाचा फिंच म्हणाला की निषेधापेक्षा एज्युकेशन महत्त्वाचं. होल्डिंगने त्यांना चांगलंच सुनावलं. म्हणजे बघा, 'सिम्बॉल नको, काम हवं' हे वाक्य काम करणारे पण वापरतात आणि काहीच न करणारे पण.

काम केलं ते एबनी रेनफर्ड-ब्रेंटने. इंग्लंडकडून खेळलेली पहिली कृष्णवर्णीय बाई. २५ वर्षांत कृष्णवर्णीय ब्रिटिश प्रोफेशनल खेळाडू ७५ टक्क्यांनी कमी झाले म्हणून सरे क्लबने तिच्या पुढाकाराने जानेवारी २०२० मध्ये 'एस' नावाचा प्रोग्रॅम सुरू केला. वस्तीत जाऊन ट्रायल, स्कॉलरशिप. तारीख बघा, गुडघ्याच्या आधीची आहे. पण देशभर पसरायला पैसा आला तो नंतर, हे पण तितकंच खरं, म्हणून फिल्डर आणि काकू दोघांचंही थोडं थोडं बरोबर धरावं लागतं.

आमच्या क्लबात (नाव नको) वर्णभेदविरोधी बॅनर अजून आहे. नेट्सची फी दरवर्षी वाढते, मॅचला पोरं न्यायला गाडी हवीच. बॅनरखाली उभी राहणारी पोरं कोणत्या घरातली, ते पार्किंग बघितलं की कळतं.

पालवणकर_फॅन

अवांतर वाटेल पण नाहीये. पालवणकर बाळू, शंभर वर्षांपूर्वीचा दलित स्पिनर. पुण्यात बॉलिंगला हवा, पण चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराच्या वर विकेट. कौतुक भरपूर, हिंदू टीमची कॅप्टनशिप शेवटपर्यंत नाही. ती भावाला विठ्ठलला मिळाली, १९२३ मध्ये. त्याचा बॉल चालतो, चहाचा कप चालत नाही, आणि कॅप्टन तर नाहीच नाही.

मिडविकेट_मिलिंद

आलं, आलं. प्रत्येक धाग्यात जात आणलीच पाहिजे का? विषय वर्णभेद आहे.

पालवणकर_फॅन

एनटिनीची बस आणि बाळूचा चहा यात फरक सांगा, धागा सोडून जातो.

खिचडी_अंपायर

इतका वेळ मजा घेत होतो, आता माझंच लिहितो. आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी एका नायजेरियन विद्यार्थ्याला फ्लॅट भाड्याने द्यायचा विषय आला. मालक तयार, कागदपत्रं ओके. मीटिंगमध्ये एकेक जण 'आम्हाला काही प्रॉब्लेम नाही, पण बाकीच्यांना...' असं म्हणत गेला. सगळेच बाकीचे. वीस मिनिटांत नकार. मी २०२० मध्ये वर्णभेदाच्या निषेधात डीपी काळा केलेला माणूस, मी त्या मीटिंगला चिवडा खात बसलो होतो. काही बोललो नाही.

मिडविकेट_मिलिंद

प्रामाणिकपणाला मार्क. पण मग आता काय, परत डीपी?

खिचडी_अंपायर

तो पोरगा कुठे गेला माहीत नाही. भाडेकरूंना नाकारताना कारण लेखी द्यायचं, असा ठराव मांडायचाय. सेक्रेटरीला आधी लिहून द्यावं लागतं, काल दिलं. त्याने वाचून विचारलं, "हे नक्की मांडायचंय का?" जनरल बॉडी पुढच्या रविवारी आहे, पहिला विषय पाण्याची टाकी, माझा सातवा.