जुने गेम जमवताना खर्चाची रेघ कुठे ओढायची? सॅटर्नच्या लॉटबद्दल रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय, मदत हवी आहे

नमस्कार. हा धागा काढू की नको असं महिनाभर चाललं होतं. आता तारीखच येऊन ठेपली, म्हणून लिहितोय.

सहा वर्षं झाली मी जुने व्हिडिओ गेम जमवतोय. सुरुवात गेम बॉयने झाली, मग सुपर निन्टेन्डो, मग पहिलं प्लेस्टेशन. आज कपाटात पाच मशीन आणि ११८ गेम आहेत. कर्ज काढून कधी काही घेतलेलं नाही, घरखर्चाला हात लावलेला नाही. पहिल्याच वर्षी स्वतःला एक मर्यादा घातली होती: हातात येणाऱ्या पगाराच्या पाच टक्के, त्याच्या वर नाही.

गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका जुन्या संग्राहकाचा फोन आला. तो सगळं विकायला काढतोय. सेगा सॅटर्न हे मशीन, दोन कंट्रोलर आणि ३१ गेम. बहुतेक डबी-मॅन्युअलसकट, आणि त्यात 'पॅन्झर ड्रॅगून सागा', चारही सीडींसह. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा गेम १९९८ चा. सॅटर्न तेव्हा बाजारातून जवळजवळ उठलंच होतं, त्यामुळे इंग्रजी आवृत्तीच्या प्रती थोड्याच निघाल्या, आणि नंतरच्या कुठल्याही मशीनवर तो पुन्हा आलेला नाही. माझ्या यादीत तो पहिल्या दिवसापासून आहे.

तो मागतोय माझ्या दीड महिन्याच्या पगाराइतके. लॉट फोडणार नाही म्हणतो. रविवारपर्यंत हो की नाही ते सांगायचंय.

पैसे आहेत, बाजूला ठेवलेले आहेत. तरी मन धजेना, म्हणून गेल्या १४ महिन्यांचा हिशेब काढायला बसलो. तोवर मी फक्त गेमच्या किमती धरत होतो. टपालखर्च, केबल, दुसरा कंट्रोलर, मेमरी कार्ड, प्लास्टिकच्या संरक्षक डब्या, दोनदा केलेली कन्सोलची दुरुस्ती, हे सगळं 'किरकोळ' म्हणून सोडून दिलं होतं. ते धरल्यावर पाच टक्के नव्हे, नऊ निघाले. जवळपास दुप्पट. आणि तोंडाने मी सगळ्यांना पाचच सांगत होतो, बायकोलासुद्धा.

मग खेळलेल्या गेमचीही यादी केली. ११८ पैकी शेवटपर्यंत खेळलेले २३. एकदाही मशीनमध्ये न घातलेले ४१. हा आकडा मला जास्त लागला.

खरेदी कशी होते तेही प्रामाणिकपणे सांगतो. खेळायची इच्छा होते म्हणून मी क्वचितच घेतो. हातचा जाईल या भीतीने घेतो. २७ मार्च २०२३ ला निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या मशीनची ऑनलाइन दुकानं बंद केली, त्याआधीच्या दोन महिन्यांत मी जेवढे गेम घेतले तेवढे अख्ख्या वर्षात घेतले नसतील. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनचा अभ्यास आला. अमेरिकेत २०१० च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळतच नाहीत. ते वाचलं आणि प्रत्येक कार्ट्रिज (मशीनमध्ये खोचायचा गेमचा प्लास्टिकचा तुकडा) मला बुडत्या होडीतल्या माणसासारखं दिसायला लागलं. हे सगळं मी एकट्याने वाचवू शकत नाही हे कळतं, पण रात्री अकरा वाजता लिलाव संपत आला असला की ते आठवत नाही.

एकदा फसलोही आहे. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचं 'पोकेमॉन एमराल्ड' घेतलं. विकणाऱ्याने ओरिजनल म्हणून दिलं होतं. चाळीस-एक तास खेळलो, आणि एका सकाळी सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, गायब. तीन धारांचा स्क्रू उघडून पाहिलं तर आत बोर्डावर काळ्या डांबरासारखा एक थेंब, त्याखाली चिप. डुप्लिकेट. तेव्हापासून घेण्याआधी बोर्डाचे फोटो मागतो आणि पिनांच्या वरच्या पट्टीवर निन्टेन्डोचं नाव छापलेलं दिसतंय का ते पाहतो.

आणि एक गोष्ट, जिचं काय करावं कळत नाही. मागच्या हिवाळ्यात 'पोकेमॉन सिल्व्हर' घेतलं, सुटं कार्ट्रिज, लेबल कोपऱ्यात फाटलेलं. लावलं तर आतली बॅटरी अजून जिवंत. या गेममध्ये सतत चालणारं घड्याळ असतं, त्यामुळे त्याची बॅटरी इतर कार्ट्रिजांपेक्षा लवकर संपते. पंचवीस वर्षांच्या आसपासचं कार्ट्रिज आणि त्यात कुणाचा तरी खेळ अजून शाबूत. १४१ तास. सहाही पोकेमॉनना घरगुती नावं ठेवलेली, त्यातलं एक नाव स्पष्टपणे एखाद्या मांजराचं. बॅटरी काढली की हे सगळं पुसलं जाणार. नाही काढली तरी आज ना उद्या पुसलं जाणारच. मी ते कार्ट्रिज तसंच ठेवून दिलंय. नवीन खेळ सुरू करायला हात होत नाही.

तर माझे प्रश्न:

मर्यादा कशी ठरवावी? पगाराच्या टक्क्यांवर, महिन्याला ठरावीक रकमेवर, की गेमच्या संख्येवर? तुमच्यापैकी ज्यांची मर्यादा टिकली, ती कशामुळे टिकली?

लॉट घ्यावा का? 'हौसेला मोल नसतं' हे कृपया सांगू नका, मोल आहे म्हणूनच विचारतोय.

आणि सिल्व्हरचं काय करू?

*

रेघोटी यांचा प्रतिसाद:

टक्के, रक्कम, संख्या यातलं काहीही चालेल, पण 'किरकोळ' हा रकाना बंद करा. कार्ट्रिज दारात येऊन मशीनमध्ये चालेपर्यंत जे लागतं ते सगळं म्हणजे किंमत.

मी महिन्याची मर्यादा सोडून वर्षाची केली. महिन्याची मर्यादा असली की महिना संपत आल्यावर 'थोडे उरलेत' म्हणून काहीतरी उचललं जातं, आणि मोठी वस्तू समोर आली की मर्यादा मोडावीच लागते. वर्षाची रक्कम जानेवारीत वेगळ्या खात्यात टाकते. विकलेल्या गेमचे पैसेही त्याच खात्यात येतात. खातं रिकामं झालं की मी त्या वर्षी फक्त खेळते. पहिल्या वर्षी मे महिन्यातच रिकामं झालं होतं. उरलेल्या सात महिन्यांत कपाटातले चौदा गेम पूर्ण केले, इतके मी आधीच्या तीन वर्षांत केले नव्हते.

लॉटबद्दल एक काम करा. ३१ नावं कागदावर लिहा. जो गेम एकटा समोर आला असता तरी तुम्ही पैसे मोजले असते त्याच्यापुढे खूण करा. खूण केलेल्यांच्या सध्याच्या किमतींची बेरीज करा. विक्रेते मागतात त्या किमती धरू नका, प्रत्यक्षात विकले गेल्याच्या धरा. प्राइसचार्टिंग या साइटवर सुटा, डबीसकट आणि सीलबंद असे तिन्ही भाव वेगळे मिळतात. ती बेरीज लॉटच्या किमतीच्या जवळ नसेल तर बाकीच्या गेमचे पैसे तुम्ही एका गेमसाठी दंड म्हणून भरताय.

*

चौथी_सीडी यांचा प्रतिसाद:

माझ्याकडे सॅटर्न १९९७ पासून आहे, म्हणून थोडं मशीनबद्दल.

घ्यायचं ठरलंच तर आधी प्रत्यक्ष पाहा. प्रत्येक सीडी दिव्यासमोर धरून छापील बाजूने बघा, सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर वरचा थर गेलाय. ओरखडे घासून काढता येतात, हे ठिपके येत नाहीत. सागाच्या चारही सीडी एकेक करून लावून पाहा, नुसती पहिली चालली म्हणजे झालं असं नाही. लेन्स म्हातारी झाली असेल तर लोड होताना मशीन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतंय हे आवाजावरून कळतं. मागच्या झाकणाखाली सीआर २०३२ बॅटरी असते. ती मेली की प्रत्येक वेळी तारीख विचारतं आणि अंतर्गत मेमरीतले सेव्ह जातात. हा दोष नाही, दोन मिनिटांत बदलता येते. कार्ट्रिजचा खाचा मात्र सैल पडतो, मेमरी कार्ट्रिज घालून काढून नक्की तपासा.

आता मनापासून. सागा हा मला आवडलेल्या पहिल्या पाच गेममधला आहे. पण तो लांबलचक नाही, पंधरा-वीस तासांत संपतो. आज सॅटर्नचे एम्युलेटर, म्हणजे संगणकावर सॅटर्नचे गेम चालवणारे प्रोग्राम, चांगले चालतात. जपानी आवृत्ती 'अझेल' या नावाने निघाली, ती इंग्रजीपेक्षा कितीतरी स्वस्त मिळते. मात्र बोलणं खूप आहे, भाषा येत नसेल तर गोष्ट हाती लागत नाही. उलट उडत्या जहाजांचे, मारामारीचे, शर्यतीचे गेम जपानी घेतले तरी काही अडत नाही. मी माझ्या संग्रहातला जवळपास अर्धा भाग तसाच जमवला.

तुम्हाला सागा खेळायचाय की तो कपाटात असायला हवाय? दोन्ही उत्तरं चांगली आहेत. दुसऱ्याची किंमत फार वेगळी आहे एवढंच.

*

अनवाणी यांचा प्रतिसाद:

नऊ टक्क्यांचा आकडा बायकोला सांगितलात का? लॉटचा निर्णय त्यानंतर घ्या. मी माझा आकडा लपवला होता, आणि नंतर भांडण पैशावरून झालं नाही, लपवण्यावरून झालं.

*

पिक्सेलपाटी यांचा प्रतिसाद:

'नाहीतरी किंमत वाढेलच' हा विचार डोक्यात असेल तर तो बाजूला काढा. जुलै २०२१ मध्ये 'सुपर मारिओ ६४' ची एक सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. त्या बातमीनंतर ज्यांनी ज्यांनी गुंतवणूक म्हणून उड्या घेतल्या त्यातल्या बऱ्याच जणांचे हात पोळले, कारण २०२० आणि २०२१ मध्ये चढलेले कितीतरी भाव पुढे खाली आले. शिवाय तो पैसा सीलला आणि ग्रेडिंगच्या (प्रतीची अवस्था तपासून दर्जा देण्याच्या) डबीला होता. तुमच्या वापरलेल्या सीडीचा त्याच्याशी संबंध नाही.

सिल्व्हरसाठी: कार्ट्रिज रीडर मिळतो, यूएसबीवर लागतो. सेव्ह फाइल संगणकावर उतरवा, मग बॅटरी बदला, मग तीच फाइल परत कार्ट्रिजवर लिहा. कार्ट्रिजचा स्क्रू उघडायला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट (खास पाना) लागेल. बॅटरी सीआर २०२५, पाय (डाग द्यायच्या धातूच्या पट्ट्या) असलेलीच घ्या, साध्या नाण्यासारख्या बॅटरीला चिकटपट्टी लावून काम भागवू नका, पुढे सुटते. डाग देता येत नसेल तर कुणाकडून तरी करून घ्या. आणि उतरवणं आजच करा, त्या बॅटरीचा भरवसा नाही.

*

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी रात्री लिहितोय.

आधी अनवाणी यांचं ऐकलं. नऊ टक्के बायकोला सांगितले, ४१ चा आकडाही सांगितला. ती गप्प राहिली, मग म्हणाली, 'पाच सांगताना तुला माहीत होतं का?' मी म्हणालो, नीट मोजलं नव्हतं. ती म्हणाली, 'म्हणजे मोजायचं टाळलं होतंस.' ते खरं आहे. पुढची रक्कम आम्ही दोघांनी मिळून ठरवली. वर्षाची, वेगळ्या खात्यात, टपाल आणि दुरुस्ती धरून.

मग रेघोटी यांची यादी. ३१ पैकी नऊ नावांपुढे खूण झाली. सागा धरूनही बेरीज लॉटच्या किमतीच्या निम्म्याच्या थोडी वर गेली. बाकीच्या बावीसपैकी सहा नावं तर मी त्याआधी ऐकलीही नव्हती, आणि तरी आठवडाभर मी त्यांना 'माझे' म्हणत होतो.

चौथी_सीडी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. मला तो खेळायचाय. पहिल्यापासून खेळायचाच होता, कपाटाचं नंतर कधीतरी सुरू झालं. संग्राहकाला आज सकाळी नाही कळवलं, आणि लॉट कधी फोडलात तर सागासाठी पहिला फोन मला करा असंही सांगितलं. वाईट वाटलं, अजूनही वाटतंय. तो म्हणाला, दुसरा एक जण विचारतोय. विचारू दे.

४१ पैकी पंधरा बाजूला काढलेत. ते विकताना एकेक विकावेत की मशीननुसार गठ्ठे करावेत, कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

सिल्व्हरचं काम आज दुपारी झालं. रीडर एका मित्राचा आणला. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, कापसाचा बोळा काळा झाला. फाइल उतरली ३२ केबी, एका साध्या फोटोपेक्षाही लहान. तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या आणि मगच स्क्रू उघडला. डाग मित्राने दिला, मी नुसता दिवा धरून बसलो होतो. फाइल परत लिहिली, कार्ट्रिज गेम बॉयमध्ये घातलं. घड्याळ पुन्हा लावावं लागलं. १४१ तास आहेत तसे आहेत, मांजरही आहे.